उपयोजित भूविज्ञानाची पदवी: विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी साधारण हेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही आईवडिलांचे, तर काही पदवीच्या दुसऱ्या वर्षात गोंधळलेल्या मुलांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. प्रवेशाचे नियम आणि तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

१. उपयोजित भूविज्ञान म्हणजे नेमकं काय? नुसत्या जिऑलॉजीपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

खडक, खनिजं, भूरचना आणि पृथ्वीचा इतिहास हा पाया दोन्हीकडे एकच. उपयोजित शाखा त्या पायावरून थेट कामाच्या प्रश्नांकडे जाते. पाणी कुठे लागेल, धरणाचा पाया कुठे धरावा, बोगदा खणताना पाणी कुठे फुटेल, खाणीत धातुक (ज्यातून धातू काढतात तो खडक) किती आहे आणि ते काढणं परवडेल का, पावसाळ्यात कोणता उतार खाली येऊ शकतो, हे ते प्रश्न. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठं पदवीला 'बी.एस्सी. जिऑलॉजी' असंच नाव देतात आणि जलभूविज्ञान, अभियांत्रिकी भूविज्ञान, खनिज पूर्वेक्षण (खनिजांचा शोध) हे विषय पुढच्या वर्षांत येतात. नावासाठी अडून बसू नका. नोकरीच्या जाहिरातींत 'जिऑलॉजी किंवा अप्लाइड जिऑलॉजी' असंच बहुधा लिहिलेलं असतं. पदवीवर 'अप्लाइड' हा शब्द हवाच असेल तर प्रश्न ५ पाहा.

२. भूगोल, मायनिंग इंजिनिअरिंग आणि सिव्हिल यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

भूगोलात पृष्ठभाग आणि त्यावरचं माणसांचं जगणं मुख्य असतं, इथे पृष्ठभागाखाली काय आहे ते. खाणीत भूवैज्ञानिक धातुक कुठे, किती आणि कोणत्या प्रतीचं आहे ते ठरवतो. ते सुरक्षितपणे बाहेर काढणं हे मायनिंग इंजिनिअरचं काम. खाण व्यवस्थापकाचं वैधानिक प्रमाणपत्र मायनिंगचं शिक्षण घेतलेल्यांसाठी असतं, त्यामुळे खाण चालवायचीच असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या ठिकाणचं मायनिंग इंजिनिअरिंग घ्या. सिव्हिल इंजिनिअर पूल आणि धरण बांधतो. ज्या खडकावर ते उभं राहणार, त्या खडकाची साक्ष भूवैज्ञानिक देतो.

३. बारावीला कोणते विषय हवेत? गणित सोडलं असेल तर?

राज्यातल्या विद्यापीठांत बी.एस्सी.साठी बारावी विज्ञान लागतं. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या अनेक विद्यार्थ्यांना जिऑलॉजीला प्रवेश मिळतो. मात्र दोन दरवाजे बंद होतात. आयआयटीच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. शिवाय काही संस्था एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीही बारावीचं गणित विचारतात.

प्रत्यक्ष अभ्यासात त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, थोडं कलनशास्त्र आणि बरीच सांख्यिकी लागते. गणिताची भीती वाटत असेल तर पहिल्याच वर्षी त्रिकोणमिती पक्की करून घ्या, कारण खडकाच्या थराची खरी जाडी काढताना तीच उपयोगी पडते. बारावीला जिऑलॉजी घेतलेलं नसलं तरी काही बिघडत नाही. हा विषय फार थोड्या कनिष्ठ महाविद्यालयांत आहे आणि पदवीला सगळे पहिल्यापासूनच सुरू करतात.

४. महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठे शिकता येईल?

पुण्यात फर्ग्युसन आणि मुंबईत सेंट झेविअर्स ही जुनी आणि नावाजलेली ठिकाणं. विदर्भात नागपूर आणि अमरावती इथे शिकण्याची सोय आहे. गोव्यात मडगावचं चौगुले आणि पणजीचं धेंपे महाविद्यालय. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नांदेड आणि सोलापूरची विद्यापीठं, गोवा विद्यापीठ आणि पवईची आयआयटी आहेत.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक किती आहेत आणि किती विद्यार्थ्यांत एक मिळतो? वर्षाला फिल्डवर किती दिवस नेतात? गेल्या दोन-तीन वर्षांतली मुलं आता कुठे आहेत? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर विभाग चांगला आहे असं समजा.

५. आयआयटीत बारावीनंतर थेट हा विषय मिळतो का?

मिळतो. खरगपूर आणि धनबाद इथल्या आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजी याच नावाचे अभ्यासक्रम बारावीनंतर आहेत. रुरकीत जिऑलॉजिकल टेक्नॉलॉजी या नावाने आहे. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून होतो. धनबादची संस्था १९२६ साली 'इंडियन स्कूल ऑफ माइन्स' म्हणून सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिला आयआयटीचा दर्जा मिळाला. खाणींच्या जगात तिचं वजन जुनं आहे. पवईचा सर्वांना माहीत असलेला अप्लाइड जिऑलॉजीचा अभ्यासक्रम एम.एस्सी.चा आहे आणि तिथे बी.एस्सी.नंतर 'जॅम' देऊन जाता येतं (प्रश्न १६). पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेत पृथ्वी आणि हवामानविज्ञानाचा विभाग आहे, पण तिथली पदवी संशोधनाकडे झुकलेली आहे.

रँक कमी आली म्हणून जिऑलॉजी मिळालं आणि पहिली दोन वर्षं शाखा बदलण्याच्या आशेवर गेली, असे बरेच विद्यार्थी भेटतात. त्या दोन वर्षांतच खनिजशास्त्र आणि शैलविज्ञान (खडकांचा अभ्यास) शिकवलं जातं. तेच कच्चं राहिलं तर पुढचं काहीच पक्कं होत नाही. घेतलं असेल तर मनापासून करा.

६. पदवी तीन वर्षांची करावी की चार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षाची. दोन्ही वाटांनी एम.एस्सी.पर्यंत एकूण पाच वर्षंच लागतात.

तुमचं महाविद्यालय लहान असेल आणि चौथ्या वर्षासाठी पुरेसे शिक्षक किंवा प्रयोगशाळा नसतील, तर तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विद्यापीठात दोन वर्षांची एम.एस्सी. करावी. नवं गाव, नवे खडक, नवे शिक्षक मिळतात. परदेशी जायचं असेल तर मात्र चौथं वर्ष उपयोगी पडू शकतं (प्रश्न १८).

७. तीन वर्षांत नेमकं काय शिकवतात?

आधी खनिजं आणि स्फटिक ओळखणं, पृथ्वीची रचना, भूरूपं. मग अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित खडक, जीवाश्म, खडकांतल्या घड्या आणि प्रस्तरभंग (थर तुटून सरकलेल्या जागा), भारताचा स्तरक्रम (कोणता थर कोणत्या काळातला). शेवटी धातुकं, कोळसा आणि खनिज तेल, भूजल, अभियांत्रिकी भूविज्ञान, दूरसंवेदन (उपग्रहचित्रांचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे). विद्यापीठागणिक क्रम थोडा बदलतो.

सर्वांत कठीण वाटतं ते सूक्ष्मदर्शकाखालचं काम. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवतात आणि त्यातली खनिजं प्रकाशात ओळखायची असतात. सुरुवातीला सगळं सारखंच दिसतं. रोज थोडा वेळ बसलात तर एका सत्रात नजर तयार होते, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसलात तर होत नाही.

८. फिल्डवर्क कसं असतं? ते टाळता येतं का?

टाळता येत नाही, आणि टाळायचंच असेल तर हा विषय घेऊ नये. एरवी मी कुणाला कोणत्या विषयापासून परावृत्त करत नाही, पण इथे स्पष्ट सांगते.

हिवाळ्यात, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, विभाग काही दिवसांसाठी बाहेर पडतो. सकाळी लवकर निघायचं, दिवसभर नाल्यातून, घाटाच्या कापातून, खाणीच्या कडेने चालायचं आणि संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी नकाशा पुरा करायचा. पाठीवरच्या पिशवीत हातोडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, क्लिनोमीटर कंपास, भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, चुनखडक तपासायला सौम्य आम्लाची छोटी बाटली, नमुन्यांच्या पिशव्या आणि वही. कंपास महाग असतो, तो बहुतेक विभाग देतात. भिंग मात्र स्वतःचं घ्या आणि ते गळ्यातच असू द्या.

उघड्या खडकापाशी पोहोचल्यावर क्रम ठरलेला असतो. आधी जागेची नोंद. मग चार पावलं मागे जाऊन पूर्ण कडा पाहायचा, थर कुठे बदलतो ते शोधायचं. मग जवळ जाऊन ताजा तुकडा काढायचा, कारण बाहेरून तपकिरी, कुजलेला दिसणारा दगड आतून काळाभोर आणि ठणठणीत असू शकतो. मग भिंग, मग नती (थराचा उतार) आणि नतिलंब (त्या उताराला काटकोनातली दिशा) मोजायचे, आणि शेवटी रेखाचित्र. मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणून रेखाचित्र टाळू नका. चित्र काढताना दोन थरांमधली सीमारेषा कुठे आहे हे तुम्हाला ठरवावं लागतं. फोटो काढताना ते ठरवावं लागत नाही, आणि शिकणं नेमकं त्या ठरवण्यात असतं. वहीत पेन्सिल वापरा, पावसात शाई फुटते.

९. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे काळाच दगड. महाराष्ट्रात शिकून काय पाहायला मिळणार?

राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा आहे हे खरं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आज ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलं आहे. सगळा एकच दगड वाटतो तो दुरून. बोरघाटात किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर कडा नीट पाहिलात तर एका प्रवाहाचा घट्ट मधला भाग, वरचा बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा भाग आणि पुढच्या प्रवाहाआधीचा तांबडा थर असे सगळे वेगवेगळे दिसतात. त्या पोकळ्यांत झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइटचे स्फटिक वाढलेले असतात. पुणे, नाशिक आणि जळगावकडचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या निळ्या कॅव्हनसाइटसाठी परदेशातले लोक आजही विचारणा करतात.

या बेसाल्टची जाडी सगळीकडे सारखी नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधन विवरात (खोल बोअरमध्ये) सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागले. कोयनेच्या भागात ही जाडी काही ठिकाणी हजार मीटरहून जास्त आहे. तिथे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, धरणाच्या जलाशयाशी असलेला त्याचा संबंध जगभर अभ्यासला गेला आणि आता त्याच परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेऊन संशोधन चालू आहे. बुलढाण्यातलं लोणार हे बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे आहेत आणि त्याच नदीवर जुन्नरकडे बोरीला गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे.

काळ्या दगडाबाहेरही बरंच आहे. भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज, वर्धा खोऱ्यातला गोंडवनाचा कोळसा, चंद्रपूर-यवतमाळचा चुनखडक, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज, सिरोंच्याजवळ वडधमचे जीवाश्म, वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरचे अवशेष. खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात जुने रूपांतरित खडक, त्यांवर जांभा. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याने पदवी संपण्याआधी एकदा तरी विदर्भ पाहावा, आणि विदर्भातल्याने सह्याद्री. बेसाल्टवरच वाढलेल्या विद्यार्थ्याला घडी पडलेला थर पहिल्यांदा पाहून जो आनंद होतो, तो पुस्तकातून मिळत नाही.

१०. गावात पाणाड्या नारळ किंवा काडी घेऊन बोअरची जागा दाखवतो आणि पाणी लागतंही. मग भूवैज्ञानिक वेगळं काय करतो?

हा प्रश्न शेतकरी कुटुंबातल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याकडून येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

पाणी लागतं, कारण बऱ्याच ठिकाणी मुरमाच्या थरात पावसाचं थोडंफार पाणी साठलेलं असतंच. प्रश्न असतो तो ते किती आहे, एप्रिल-मेमध्ये टिकेल का, आणि शेजारच्या विहिरीचंच पाणी आपण ओढतोय का, हा. नारळ उभा राहिल्याने याचं उत्तर मिळत नाही. फसलेल्या बोअरची गोष्ट गावात फारशी सांगितली जात नाही, लागलेल्याची सांगितली जाते.

भूवैज्ञानिक आधी आसपासच्या विहिरी पाहतो: खोली किती, कोणत्या थरात पाणी येतं, पावसाळ्याआधी आणि नंतर पातळी कुठे असते. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतं. ते कुजलेल्या मुरमात, फटींमध्ये, पोकळ्यांच्या बेसाल्टमध्ये आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर मिळतं. मग उपग्रहचित्रावर भेगांच्या रेषा आणि डाईक (जुन्या खडकात उभ्या घुसलेल्या लाव्हाच्या भिंती) शोधायचे. डाईक कधी पाणी अडवून धरतो, कधी स्वतःच भेगाळलेला असून ते वाहून नेतो, म्हणून तो जागेवर जाऊन पाहावाच लागतो. शेवटी विद्युतरोध मापन. जमिनीत वीज सोडून खालचा खडक तिला किती विरोध करतो ते मोजतात. कोरडा घट्ट बेसाल्ट खूप विरोध करतो, ओला मुरूम कमी करतो.

इथे अनुभव लागतो, कारण चिकणमाती आणि खारं पाणीही विरोध कमीच दाखवतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात फक्त यंत्रावर विसंबून राहिलात तर पाणी लागेल, पण ते पिकाला चालणार नाही.

प्रामाणिक भूवैज्ञानिक 'दोन इंची पाणी हमखास' असं लिहून देत नाही. तो शक्यता सांगतो, किती फुटांनंतर बोअर थांबवावी ते सांगतो, आणि काही वेळा 'इथे बोअर घेऊच नका, आधी नाल्यावर पाणी अडवा' असंही सांगतो. शेतकऱ्याचा सर्वांत जास्त पैसा या शेवटच्या सल्ल्याने वाचतो.

११. मी मराठी माध्यमातून शिकलो आहे. झेपेल का?

झेपेल. अध्यापन आणि पुस्तकं इंग्रजीत असतात आणि पहिलं सत्र जड जातं. पण या विषयातला निम्मा शब्दसाठा सगळ्यांनाच नवा असतो, इंग्रजी माध्यमवाल्यांनाही. वर्गात जाताना एक लहान वही ठेवा: संज्ञा, तिचा अर्थ मराठीत आणि शेजारी छोटं चित्र. शिवाय मुरूम, गेरू, जांभा, चुनखडी, शाडू, पाझर, झिरपा हे शब्द ज्याने शेतात ऐकले आहेत, त्याला गावकऱ्यांशी बोलून माहिती काढणं सोपं जातं. भूजलाच्या कामात हे फार मोलाचं आहे.

१२. मुलीला या क्षेत्रात पाठवावं का? खाणीत बायकांना काम करू देतात का?

पाठवावं. विद्यापीठांच्या वर्गांत आज मुली मोठ्या संख्येने आहेत आणि सर्वेक्षण, भूजल, संशोधन, बोगदे, जीआयएस या सगळ्या कामांत त्या आहेत.

खाणींबाबतची शंका जुन्या कायद्यातून आली आहे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीत जाण्याची मुभा दिली. त्याच वेळी उघड्या खाणींत स्त्रीची लेखी संमती घेऊन आणि सुरक्षेच्या अटी पाळून रात्रपाळीही खुली झाली.

फिल्डवर स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे आणि ती मुलींनी गप्प बसून सोसू नये. निघण्यापूर्वी मार्गावरच्या सोयींबद्दल विभागाला विचारा. हे विचारणं तुमचा हक्क आहे.

१३. फक्त बी.एस्सी.वर नोकरी लागते का?

लागते, पण छोटी. विंधनाच्या ठिकाणी गाभ्याचे (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दंडाचे) नमुने नोंदणं, खाणीत नमुने गोळा करणं, जीआयएसमध्ये नकाशे काढणं, भू-तांत्रिक प्रयोगशाळेत चाचण्या घेणं. 'भूवैज्ञानिक' या पदासाठी जवळजवळ सगळीकडे पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणून घरी पहिल्याच दिवशी पाच वर्षांचा हिशेब मांडा. आर्थिक ओढ असेल तर बी.एस्सी.नंतर वर्षभर काम करून मग एम.एस्सी. करणं हा कमीपणा नाही. अशी मुलं एम.एस्सी.त जास्त नेमके प्रश्न विचारतात.

१४. यूपीएससीची भूवैज्ञानिकाची परीक्षा काय आहे?

तिचं नाव कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात (स्थापना १८५१, मुख्यालय कोलकाता) भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक निवडले जातात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाला १०० आणि विषयाला ३०० गुण असतात, मुख्य परीक्षेत वर्णनात्मक पेपर. वय सर्वसाधारण गटासाठी २१ ते ३२, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्या शेवटच्या वर्षाला असलेले अर्ज करू शकतात.

तयारी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून सुरू होते, म्हणजे तेव्हापासून स्वतःची टिपणं आणि आकृत्या नीट ठेवायच्या. मुख्य परीक्षेत नीट आकृती काढणाऱ्याचं उत्तर उठून दिसतं.

१५. राज्य सरकारात काय संधी आहेत?

दोन मुख्य जागा. पहिली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पिण्याच्या पाण्याच्या योजनांसाठी स्रोत ठरवते आणि टंचाईचे अंदाज देते. दुसरी नागपूरचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय. जिल्हा खनिकर्म अधिकारी वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांचं काम पाहतात आणि त्या पदावर कणा ताठ ठेवावा लागतो. भरती राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते, पण जाहिराती दरवर्षी येतीलच असं नाही. फक्त यावर भिस्त ठेवून वर्षं घालवू नका, प्रश्न १४ ची तयारी सोबत चालू ठेवा.

१६. जॅम आणि गेट यांत फरक काय? दोन्ही द्याव्यात का?

जॅम बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी. गेट एम.टेक., संशोधन आणि काही सार्वजनिक कंपन्यांच्या भरतीसाठी. तिचा जिऑलॉजी-जिओफिजिक्स असा एकत्र पेपर असतो आणि त्यात आपला विभाग निवडायचा असतो. जॅम बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी द्या, गेट एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी. जॅमसाठी पदवीला जिऑलॉजी किती वर्षं असावं, सोबत कोणते विषय असावेत हे संस्थेप्रमाणे बदलतं. दुसऱ्या वर्षातच ती अट पाहून ठेवा, नंतर विषय बदलता येत नाहीत.

१७. सरकारी नोकरी नको. खासगीत कुठे कुठे काम आहे?

सध्या जमिनीखालच्या बांधकामात बरंच काम आहे. मुंबईची भुयारी मेट्रो, समृद्धी महामार्गाचा इगतपुरीकडचा (आता पूर्ण झालेला) बोगदा, बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा, अशा कामांवर प्रत्येक सुरुंगानंतर किंवा यंत्राच्या प्रत्येक टप्प्यानंतर समोरचा खडक पाहून त्याची प्रत ठरवायची असते. त्यावरून आधार किती द्यायचा हे ठरतं. काम पाळ्यांमध्ये, धुळीत, पण शिकायला मिळतं भरपूर.

खाणक्षेत्रात नागपूर हे मोठं केंद्र. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीज काढणारी मॉइल, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि खनिज शोधणारी एमईसीएल या सगळ्यांची मुख्यालयं तिथेच आहेत, त्यामुळे खासगी सल्लागारही तिथे आहेत. मोठ्या खाणींना भूवैज्ञानिक नेमणं नियमानेच बंधनकारक आहे. तेलक्षेत्रात ओएनजीसी, जिने १९७४ मध्ये मुंबई हाय शोधलं. याशिवाय पर्यावरण परिणाम अहवाल, सिमेंट कंपन्या, जीआयएस आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था. भूजलात लोकांसोबत काम करायचं असेल तर पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्थेचं प्रशिक्षण जरूर पाहा.

१८. परदेशात या पदवीला किंमत आहे का?

आहे, विशेषतः ऑस्ट्रेलियात. पर्थच्या कर्टिन विद्यापीठात अप्लाइड जिऑलॉजी हा स्वतंत्र विषय आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर आठवडा-दोन आठवडे राहून काम करायचं आणि मग विमानाने घरी परतायचं, अशी पद्धत रूढ आहे. तिथे खनिजसाठ्याच्या जाहीर अहवालावर सही करणाऱ्याला मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व आणि त्या प्रकारच्या खनिजाचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. ब्रिटनमध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडून चार्टर्ड जिऑलॉजिस्ट ही मान्यता अनुभवानंतर मिळते. अमेरिकेतली काही विद्यापीठं तीन वर्षांची भारतीय पदवी थेट स्वीकारत नाहीत, तिथे ऑनर्सचं चौथं वर्ष किंवा एम.एस्सी. कामी येते.

१९. मला खाणी नकोशा वाटतात. तरी हा विषय घ्यावा का?

घ्या. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या काळात शेतात वाहून आलेला गाळ, आटलेल्या विहिरी आणि त्याच वेळी रोजगार गेलेली कुटुंबं हे सगळं एकाच तालुक्यात होतं. खाण विहिरीचं पाणी कसं ओढते हे सिद्ध करायला भूजलाचा नकाशा लागतो, आणि तो काढणारा भूवैज्ञानिकच असतो. गावाच्या बाजूने मांडणी करायलाही या विषयाचं ज्ञान हवं.

दुसरं क्षेत्र दरडींचं. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. सह्याद्रीच्या उतारांवर अशा अनेक वाड्या आहेत. मातीची जाडी, उताराचा कोन, झरे कुठून फुटतात, वर भेगा पडल्या आहेत का, हे वाडीवाडीला जाऊन पाहणारी माणसं आजही कमी पडतात. हे काम करणाऱ्या तरुणांची या राज्याला फार गरज आहे, आणि ते करायला खाणीत पाऊल ठेवावं लागत नाही.

२०. माझी पदवी दुसऱ्या विषयात आहे. एम.एस्सी. जिऑलॉजीला येता येईल का?

बहुतेक ठिकाणी पदवीला जिऑलॉजी असणं आवश्यक असतं. भौतिकशास्त्रवाल्यांना भूभौतिकी, भूगोलवाल्यांना दूरसंवेदन आणि जीआयएस हे जवळचे रस्ते. सिव्हिल इंजिनिअरना काही आयआयटींत भू-तांत्रिक किंवा अभियांत्रिकी भूविज्ञानाच्या एम.टेक.चा पर्याय असतो. एक सावधगिरी: जीआयएसची पदव्युत्तर पदवी घेऊन प्रश्न १४ मधल्या परीक्षेला बसता येईलच असं गृहीत धरू नका, जाहिरातीतली विषयांची यादी शब्दशः वाचा.

२१. मला काही रंग ओळखता येत नाहीत. अडचण येईल का?

सूक्ष्मदर्शकाखाली येईल, कारण तिथे अनेक खनिजं व्यतिकरण रंगांवरून (ध्रुवित प्रकाशात दिसणाऱ्या रंगांवरून) ओळखतात. पण आकार, विदलन, उठाव आणि विलोपन कोन यांवरूनही बरंच ओळखता येतं. प्रवेश घेतल्यावर शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगा, लपवू नका. भूजल, भूभौतिकी, संरचना, संगणकीय प्रतिमाने या वाटांवर फारसं अडत नाही. सरकारी आणि खाणींतल्या पदांना वैद्यकीय निकष असतात, ते अर्जापूर्वी तपासा.

२२. पदवीनंतर खाणीचा आराखडा तयार करून सही करता येते का?

लगेच नाही. खनिज सवलत नियमांप्रमाणे खाण आराखडा करणाऱ्याकडे मायनिंगची पदवी किंवा जिऑलॉजीची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर खाणक्षेत्रात पर्यवेक्षणाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. याआधी कुणी 'फक्त सही कर' म्हणून पैसे देऊ केले तर नकार द्या.

२३. फिरताना सापडलेले स्फटिक आणि दगड घरी नेता येतात का?

अभ्यासासाठी रस्त्याच्या कडेचा हाताएवढा नमुना, जागेची नोंद करून, चालतो. शेतात किंवा खाणीत मालकाची परवानगी घ्या. लोणार हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि अभयारण्यही, तिथे हातोडा पिशवीतून काढायचाच नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, किल्ले, लेणी, रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं इथेही नाही. जीवाश्म सापडला तर तो उकरू नका. फोटो घ्या, अक्षांश-रेखांश लिहा आणि विभागाला कळवा. जागेवरून काढलेल्या जीवाश्माचा थर हरवला की त्याचं बहुतेक शास्त्रीय मोल जातं.

२४. मी दुसऱ्या वर्षाला आहे. गावचे लोक 'आमच्या शेतात पाणी दाखव' म्हणतात. दाखवू का?

बोअरची जागा म्हणून बोट ठेवू नका. कर्ज काढून बोअर घेतली जाते, ती कोरडी गेली तर त्या घराचं वर्ष जातं. त्याऐवजी गावातल्या सगळ्या विहिरींची यादी करा: खोली, बांधणी, कोणत्या थरात पाणी, दिवाळीला पातळी किती, मे महिन्यात किती. सर्वेक्षण विभागाची टोपोशीट आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावरचे नकाशे घेऊन त्या विहिरी नकाशावर मांडा. दोन पावसाळ्यांची अशी नोंद झाली की ती घेऊन जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जा आणि तिथल्या भूवैज्ञानिकासोबत गावात परत या. ती नोंद तुमचा पदवीचा प्रकल्पही होऊ शकते, आणि पुढची बोअर कुठे घ्यायची यावर ग्रामसभेत बोलताना तुमच्या हातात आकडे असतील.